आमच्या मुलाची साक्ष

रविवारची उपासना संपली होती. आम्ही बायका चर्चच्या ओट्यावर चपला शोधत होतो, तेव्हा मंडळीतल्या एका बाईंनी मला थांबवलं. "सलाम सिस्टर. तुमच्या मुलाची साक्ष आलीय मोबाईलवर. काय बोललाय हो, मी तर रडले." मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गावात सगळे मला सिस्टरच म्हणतात. त्या बाईंनी माझा दंड हलकेच दाबला आणि म्हणाल्या, "पाठवते तुम्हाला. घरी जाऊन निवांत ऐका." त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला कौतुक वाटलं. नंतर कळलं, ती कीव होती.

आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. जुन्या मंडळीत म्हातारी माणसं द्यायची. कुणी आजारातून उठलं की, कुणाचं मूल वाचलं की. आमचा मुलगा लहान असताना अशा साक्षी ऐकता ऐकता माझ्या मांडीवर झोपून जायचा. तोच आता उभा राहून बोलतो, लोक त्याचं ऐकून रडतात, याचा मला अभिमान वाटला हे खरं सांगते. मी घाईघाईनं घरी आले. हे अजून चर्चमध्येच होते. उपासनेनंतर ढोलकी, टाळ, पेटी आवरून कपाटात ठेवायचं काम पहिल्यापासून ह्यांच्याकडे.

साक्षीत काय होतं ते सांगण्याआधी आम्ही त्याला कसं वाढवलं ते सांगायला हवं, नाहीतर मला काय झालं ते कळायचं नाही.

आमचं गाव जामखेडकडचं. हे जामखेडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर गाडीखाली पाठीवर पडून काम. संध्याकाळी सायकल अंगणात लावली की हे आधी रॉकेलनं हात चोळायचे, मग साबणानं धुवायचे, तरी डिझेलचा वास जायचा नाही. घरात आले की तो वास त्यांच्या आधी आत यायचा. मग चहा, आणि दिवे लागले की प्रार्थना. चटई टाकायची, आम्ही तिघं बसायचो. हे एक भजन म्हणायचे, मांडीवर मुलाला घेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेका धरायचे. ठेका तो तिथंच शिकला. मी शास्त्रातला उतारा वाचायचे. शेवटी त्यानं स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. तो शेळीसाठी करायचा, पोळलेल्या बोटासाठी करायचा, एकदा तर गणिताच्या मास्तरांना ताप यावा म्हणून केली. ह्यांनी आमेन म्हणायचं नाकारलं आणि हसू दाबायला तोंड फिरवलं.

शेजारच्या वहिनींची सीताफळाची झाडं आमच्या कुंपणाला लागून आहेत. मुलगा दुसरीत की तिसरीत असताना चड्डीच्या खिशात सीताफळं कोंबून घरी आला. म्हणाला, "वहिनींनी दिली." मला शंका आली. मी त्याला हाताला धरून परत नेलं. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. "आवो सिस्टर, पोरगं हाय, खाऊ द्या की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "फळांचं काही नाही वहिनी. तुम्ही दिली असं तो बोललाय." बराच वेळ तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. मग बोलला, मी खोटं बोललो. वहिनींनी त्याला जवळ घेतलं आणि उरलेली फळंही दिली. मी त्याला घरी येताना समजावलं, चोरीपेक्षाही मला खोटं जास्त लागतं. दहा आज्ञा त्याला तेव्हाच पाठ होत्या. खोट्या साक्षीची आज्ञा कितवी, हे तो झोपेतही सांगायचा.

पुढे नगरला डिप्लोमा झाला, चाकणला कंपनीत नोकरी लागली. शहरात एकटं पोरगं, काय संगत लागेल, याची मला धास्ती होती. त्याला चिंचवडला एक नवी मंडळी मिळाली तेव्हा मी देवाचे आभार मानले. ते तिला फेलोशिप म्हणायचे. एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. तिथं कीबोर्ड होता, ड्रम होता, पाळकसाहेबांच्या ऐवजी पास्टर होते, आणि सलामच्या ऐवजी 'प्रेज द लॉर्ड'. एका नाताळला घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला, "मी बाप्तिस्मा घेतला, मम्मी."

"तुझा झालाय की बाळा. पाळकसाहेबांनी दिलाय. तुझ्या पप्पांनी धरलं होतं तुला."

"लहानपणीचा तो बाप्तिस्मा नसतो. मला कुठं कळत होतं काही?"

मला लागलं. पण हे म्हणाले, "पाणी दोनदा लागलं म्हणून काय बिघडतं?" आणि मी गप्प बसले. मुलगा देवाच्या घरातच आहे ना, एवढं धरून ठेवलं. त्यानं त्याच फेलोशिपमधल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी चांगली, कामाची, मला मम्मी म्हणते. नात झाली. सून गावी यायची तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. ह्यांनी नातीला घेतलं की ती लगेच उठायची, "पप्पा, द्या, झोपेला आलीय," म्हणून उचलून न्यायची. बाळ टक्क जागं असायचं. मला वाटलं, पहिलटकरीण आहे, जीव घाबरत असेल. हे रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

तर त्या रविवारी मी घरी येऊन मोबाईल खिडकीशी धरला. मुलगा पांढऱ्या शर्टात माइक घेऊन उभा होता. मागं निळे दिवे. आवाज अगदी ह्यांच्यासारखा, भरीव. तो म्हणाला, मी नावापुरत्या ख्रिस्ती घरात जन्मलो. माझ्या घरात मला कधी कुणी येशू सांगितला नाही. घरात प्रार्थना नव्हती. माझे वडील एस.टी.त होते आणि रोज दारू पिऊन यायचे. ते दारात आले की तो वास यायचा आणि मी कॉटखाली लपायचो. आई बिचारी मार खायची.

एवढं बोलून तो थांबला, डोळे पुसले. हॉलमधले लोक "हालेलूया" म्हणाले.

मी ते परत लावलं. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल. परत तेच. कॉट तर आमच्याकडे तेव्हा नव्हतीही. आणि तो वास. वास त्याला बरोबर आठवत होता. त्यानं डिझेलची दारू केली होती.

ज्या माणसानं आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही, डेपोतले लोक पार्टीला ओढायचे तेव्हा जो शेंगदाणे खिशात घालून घरी पळून यायचा, त्या माणसाबद्दल हे. माझ्यावर हात टाकायचं सोडाच, ह्यांनी मला कधी 'ए' म्हणून हाक मारली नाही.

हे आले तेव्हा मी भाकरी करत होते. ठरवलं होतं, यांना सगळं सांगायचं नाही. भाकरी थापता थापता सहज म्हटल्यासारखं बोलले, "आपल्या पोराचं काहीतरी आलंय म्हणे मोबाईलवर."

हे टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "ऐकलंस का तू?"

मी वर पाहिलं. ह्यांना माहीत होतं. डेपोतल्या जुन्या सोबत्यानं कधीच पाठवलं होतं, आणि वर लिहिलं होतं, भाऊ, हे काय? हे कितीतरी दिवस ते एकट्यानं सोसत होते, मला कळू नये म्हणून.

"तुम्ही त्याला फोन केला नाही?"

"काय बोलू?" हे म्हणाले. "घाबरून गेला असेल. एवढ्या लोकांसमोर उभं राहिलं की माणूस काहीही बोलतं."

मला ते पटलं नाही. घाबरलेलं माणूस अडखळतं. आमचा मुलगा कुठंच अडखळला नव्हता.

मोठ्यानं रागावल्या त्या एकट्या वहिनी. त्यांच्या नातवानं त्यांना ते ऐकवलं होतं. कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, म्या इतकी वर्सं शेजारी राहते. भाऊंनी कवा घेतली? तुमच्या घरातनं भजनाबिगर दुसरा आवाज आमाला ऐकू आला न्हाई. त्याला म्हनावं इकडं ये, तुजा बाप काय करायचा ते मी सांगते." मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. माझ्या मुलाला पाठ असलेली आज्ञा मला माझ्या हिंदू शेजारणीच्या तोंडून ऐकावी लागत होती.

मी लगेच विचारलं नाही. फोनवर विचारलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता, हे कारण मी स्वतःला देत होते. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडून उत्तर ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात त्याचाच फोन आला. नातीचं समर्पण होतं. त्यांच्यात लहान मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, मूल देवाला समर्पित करतात. "तुम्ही दोघं यायलाच पाहिजे," तो म्हणाला. "पास्टर तुम्हाला भेटायचं म्हणतायत." हे लगेच निघायला तयार झाले. नवा सदरा घेतला.

चिंचवडचा तो हॉल भरला होता. लोक प्रेमळ होते, हे मी नाकारत नाही. कुणी पाणी दिलं, कुणी पंख्याखालची खुर्ची दिली. गाणी झाली, नातीला पास्टरांनी हातात घेऊन प्रार्थना केली. मी डोळे मिटून आमेन म्हणाले. मग पास्टर म्हणाले, "आज आपल्यामध्ये बाळाचे आजी-आजोबा आहेत. कृपया उभे राहा." आम्ही उभे राहिलो. "या वडिलांची दारू सुटावी म्हणून आपण उपास केले, आठवतं? बघा, आज ते प्रभूच्या घरात उभे आहेत."

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पुढच्या रांगेतून एक धिप्पाड माणूस उठला आणि त्यानं ह्यांना मिठी मारली. तो रडत होता. "दादा, माझीपण सुटली," तो म्हणाला. "तुमच्या मुलाची साक्ष ऐकून सुटली." हे त्या मिठीत तसेच उभे होते. मग ह्यांनी त्या माणसाच्या पाठीवर हात फिरवला, आणि त्यानं मिठी सोडल्यावर हात जोडले. कुणाला जोडले मला माहीत नाही. मी मुलाकडे पाहिलं. तो नातीचं झबलं सारखं करत होता.

मी खाली बसले. शेजारच्या बाईला म्हटलं, "यांनी कधी दारू घेतली नाही हो. कधीच नाही."

तिनं माझा हात हातात घेतला. "ताई, आता लाज नका वाटून घेऊ," ती हळुवारपणे म्हणाली. "प्रभूनं सगळं धुऊन टाकलंय."

मी जितकं नाही म्हणेन तितकं तिला ते खरं वाटणार होतं.

दुपारी मुलाच्या फ्लॅटवर जेवणं झाली, पाहुणे गेले. हे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर टेकले होते. बाळ आत झोपलं होतं. सून स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, मुलगा डबे भरत होता. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तुझे पप्पा दारू प्यायचे का रे?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "मम्मी, आज नको."

"मग कधी? आज एवढ्या लोकांनी त्यांना उभं केलं. तू बघत होतास."

"साक्ष ही तुमच्याबद्दल नसते. देवानं काय केलं त्याबद्दल असते."

"देवानं माझा मार चुकवला का? मला कुणी मारत होतं का?"

सून भांडं घासायची थांबली. नळ चालूच होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे पप्पा पीत नव्हते?"

मुलानं दुसरा डबा पुढं ओढला. तिला उत्तर मिळालं. आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मलाही मिळालं. ती इतके दिवस बाळ ह्यांच्या मांडीवरून का उचलून नेत होती ते. तिची काही चूक नव्हती. नवऱ्यानं सांगितलं, तिनं मानलं. कुठलीही आई तेच करेल.

मुलगा ओट्याला टेकून उभा राहिला. आता त्याचा आवाज माइकवाला राहिला नव्हता. "पहिल्यांदा मी थोडंच बोललो, मम्मी. घरात वास यायचा, एवढंच. लोकांनीच समजून घेतलं. रडायला लागले. पास्टर म्हणाले, अंधार नीट सांगितला नाही तर प्रकाश दिसत नाही. मग पुढच्या वेळी..." तो थांबला. "आणि मी काय सांगू? इथं एकेकाची साक्ष ऐक. कुणी जेलमधून आलेला, कुणी विष प्यायलेला. मी उभा राहून काय सांगू? माझ्या आईबापांनी मला चांगलं वाढवलं, बस? असली साक्ष कोण ऐकतं?"

"तेवढीच सांगायची होती," मी म्हटलं.

"तू पाहिलंस ना त्या माणसाला? त्याची सुटली. खरंच सुटली. त्याच्या बायकोला विचार."

त्या माणसाची दारू सुटली याचा मला आनंद आहे, त्याचे अश्रू खोटे नव्हते. पण ज्या बापाच्या गुडघ्यावर तू ठेका शिकलास त्याला दारुडा करून तू ते घडवलंस, हे मला मांडता आलं नाही. मी फक्त विचारलं, "पुढच्या रविवारी तिथं उभा राहून खरं सांगशील?"

"हळूहळू सांगतो," तो म्हणाला.

सुनेनं ओले हात पदराला पुसले. आत गेली, झोपलेल्या बाळाला उचलून आणलं आणि सोफ्यावर जागे होऊन बसलेल्या ह्यांच्या मांडीवर ठेवलं. तिथंच खाली फरशीवर बसली. ह्यांनी बाळाची मान हातावर घेतली आणि म्हणाले, "झोपलीय की. कशाला उचललीस?"

ह्यांनी स्वयंपाकघरातलं ऐकलं होतं की नाही, मी विचारलं नाही. गावी येताना एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. नगर मागं पडल्यावर एकदाच बोलले, "आपण त्याला फार धाकात ठेवलं का गं?" मी म्हटलं, नाही.

पुढे त्यानं तो व्हिडिओ काढून टाकला. तसा मेसेज केला मला, बाकी काही नाही. पण एकदा लोकांच्या मोबाईलवर गेलेलं परत येत नाही. आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले, तरुण, उत्साही. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं की वस्तीवर व्यसनमुक्तीची सभा घेतोय, तुम्ही तुमचा अनुभव सांगा. हे म्हणाले, "मला अनुभव नाही, साहेब." पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काही हरकत नाही, मनाची तयारी झाली की सांगा. ते मला समजल्यावर मी स्वतः जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. विश्वास ठेवला का ते कळलं नाही.

सून मात्र बदलली. सुटीत बाळाला घेऊन एकटी येऊन राहते. हे नातीला ओट्यावर बसवून टाळ वाजवायला देतात, ती ते तोंडात घालते. सून माझ्याजवळ भाकरी शिकते आणि एकदा हळूच म्हणाली, "मम्मी, मी त्यांना सारखी सांगते. ते म्हणतात वेळ येऊ दे." मी तिला म्हटलं, तू त्याच्याशी भांडू नकोस. मुलीसमोर तर नकोच.

माझी प्रार्थना पूर्वीसारखी राहिलेली नाही. आधी मी मुलासाठी मागायचे, त्याला वाईट मार्गापासून लांब ठेव. कुठला मार्ग ते मला ठाऊक होतं. दारूचा, जुगाराचा, वाईट संगतीचा. तो यातल्या कशाकडेच गेला नाही. पगाराचा दशांश मंडळीला देतो, उपास करतो, त्याला शास्त्र माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आता त्याच्यासाठी काय मागायचं, तिथं मी अडते. आईला मुलानं फसवलं असं म्हणावं तर तोंडातून शब्द बाहेर येत नाही. पण मनात तोच आहे. दुसरा शोधला, सापडला नाही.

या ईस्टरला तो सगळ्यांना घेऊन गावी आला. चर्च भरलं होतं. ह्यांनी ढोलकी घेतली होती. भजन संपलं तेव्हा पाळकसाहेबांनी त्याला ओळखलं आणि पुढे बोलावलं. "तुम्ही आलात तर दोन शब्द साक्षीचे द्या." वहिनीही ईस्टर म्हणून आल्या होत्या, मागं बसल्या होत्या. मी पाहिलं, त्या सरसावून बसल्या. मुलगा उठला. त्यानं समोर पाहिलं. तिथं सगळे बसले होते, ज्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं, आणि बाजूला ढोलकीवर हात ठेवून त्याचे पप्पा. मला वाटलं, आता सांगेल.

त्यानं गळ्याला हात लावला. "माफ करा पाळकसाहेब. घसा बसलाय. आवाज निघत नाही," असं पुटपुटला आणि बसला.

घरी येताना वाटेत त्याला कंपनीतून फोन आला. रस्त्यानं तो पुढे चालत, मोकळ्या आवाजात बोलत होता, एकदा मोठ्यानं हसलाही. मी मागून नातीचं बोट धरून येत होते. घरी आल्यावर ह्यांनी पातेलं चुलीवर ठेवलं, आलं ठेचून घातलं, गवती चहा घातला, आणि कप नेऊन मुलाच्या हातात दिला. म्हणाले, "घे, घशाला बरं वाटेल."

त्यानं कप घेतला. मान वर न करता तो चहा प्यायला.